सांडोरचा आवाजचोर

"माझ्या नजरेतून सुटेल अशी गोष्ट अजून जन्माला यायची आहे," असं जयवंत साटविलकर स्वतःविषयी सांगत, आणि हे सांगताना समोरच्या माणसाचा चहा आपला समजून पिऊन टाकत.

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. निवृत्ती आणि नायगावला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दोन्हींमध्ये वेळ कसा घालवायचा ते न कळल्याने त्यांनी गुप्तहेरी सुरू केली आणि कार्डं छापून घेतली: ‘जयवंत साटविलकर, खासगी गुप्तहेर. सूक्ष्म निरीक्षण. अचूक मोजमाप. निर्णायक निष्कर्ष.’ त्याखाली बारीक अक्षरात, ‘पाण्याच्या टँकरच्या दिवशी बंद’. ही शेवटची ओळ त्यांच्या पत्नीने, आशालताबाईंनी घालायला लावली होती. कार्डावरचं तेवढंच एक विधान आजवर खरं ठरलं होतं.

त्यांचं म्हणणं असं, की ज्याने एकतीस वर्षं तराजूचा काटा वाचला त्याला माणसाचा चेहरा वाचणं म्हणजे पोरखेळ. खोटा काटा थरथरतो, खोटा माणूसही थरथरतो. या सिद्धांताच्या जोरावर त्यांनी मागच्या पावसाळ्यात हिवतापाने कुडकुडणाऱ्या पोस्टमनला दोन तास चोर म्हणून बसवून ठेवलं होतं.

अशा माणसाला मदतनीस मिळू नये. पण मिळाला. जवळच्याच सांडोर गावचा केळीबागवाला बॅप्टिस्ट. गुप्तहेरीची त्याला काडीची आवड नव्हती. त्याची चूक एवढीच, की त्याच्याकडे लुना होती आणि साटविलकरांकडे नव्हती. शिवाय फार वर्षांपूर्वी साटविलकरांनी त्याच्या तराजूवर चहादेखील न पिता ठसा मारून दिला होता. सरकारी माणूस फुकट ठसा मारतो हे बॅप्टिस्टने आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि त्या धक्क्यातून तो अजून सावरला नव्हता. त्यामुळे साहेबांचा निरोप आला की तो केळीचे घड तसेच टाकून लुनाला लाथ मारायचा.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात मात्र तो स्वतःच साहेबांकडे गेला. आपल्या हाताने कुऱ्हाड आपल्या बागेत आणली, असं तो पुढे सांगत असे. त्याची थोरली बहीण सालोमी रडत होती, आणि रडणाऱ्या बहिणीपुढे बॅप्टिस्टची अक्कल नेहमीच पातळ व्हायची.

सालोमीबाय विधवा. एकुलता एक मुलगा डेन्झिल मस्कतला क्रेनवर कामाला. दर रविवारी मिस्सा आटोपून ती घरी येते तोवर अकराच्या सुमाराला त्याचा फोन यायचा, तोही शेजारी, गॅब्रिएल मास्तरांच्या घरी. कारण वाडीत फोन तेवढाच.

"साहेब," ती साटविलकरांना म्हणाली. घरात ती आपल्या बोलीत बोलायची, पण साहेबांसाठी तिने खास शाळेतली मराठी काढली होती. "माझ्या डेन्झिलचा आवाज कमी होत चाललाय. ईस्टरनंतर सुरू झालं. दर रविवारी थोडा थोडा. गेल्या रविवारी तर गोणपाटात तोंड घालून बोलल्यासारखा. आणि मला सांगतो, मी मजेत आहे."

"सर्दी असेल," बॅप्टिस्ट म्हणाला.

"बॅप्टिस्ट, निष्कर्ष हे माझं खातं आहे. तुम्ही लुना बघा." साटविलकरांनी वही उघडली. "बाई, आणखी काही? क्षुल्लक वाटलं तरी सांगा. माझ्यासाठी क्षुल्लक असं काही नसतं."

"हा डावा कान पण जड वाटतो, साहेब. बावखलात पोहून वर आल्यावर कानात पाणी राहतं ना, तसा. दडपल्यासारखा. आत नुसतं घूं घूं. म्हणून मी दर शनिवारी हेअरपिनने तो साफ करते, कोमट खोबरेल सोडते आणि वर कापूस दाबून ठेवते. रविवारी पोराचा एक शब्दसुद्धा वाया जायला नको."

साटविलकरांनी लिहिलं: ‘साक्षीदार भावनाविवश. विषयांतर करते. स्वच्छ आहे.’

इथेच प्रकरण संपायला हवं होतं. पण गुप्तहेर हजर असला की साधं प्रकरण साधं राहत नाही.

पहिला निष्कर्ष साटविलकरांनी तिथेच, खुर्चीवरून न उठता काढला. "मस्कतहून आवाज पूर्ण वजनाचा निघतो. सांडोरला कमी वजनाचा पोचतो. म्हणजे वाटेत मापात पाप आहे! कोणीतरी तारेला तार जोडून तुमच्या मुलाचा आवाज काढून घेतंय."

"घेऊन करणार काय?" बॅप्टिस्टने विचारलं.

"तेच तर भयंकर आहे," साटविलकर म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. पुढे काही नव्हतंच.

मग मोजणी सुरू झाली. सरकारी फीत घेऊन साटविलकरांनी रस्त्यावरच्या खांबापासून मास्तरांच्या खिडकीपर्यंतची तार मोजली. बॅप्टिस्टने फितीचं दुसरं टोक धरलं आणि वाटेत दोनदा पाटात पडला. घरात शिरून त्यांनी फोनही मोजला. तो खिडकीजवळच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या झालरीखाली, एखाद्या संताच्या मूर्तीसारखा बसवलेला होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मास्तरांचं पुस्तकांचं कपाट. साटविलकरांनी प्रत्येक गोष्ट टिपली: ‘रिसीव्हरची दोरी ताणून एकोणीस इंच. खुर्ची एकाच तोंडाने मावते. बसणाऱ्याच्या डाव्या हाताला फोन. उजव्या कानापर्यंत दोरी पोचत नाही.’ एवढं अचूक लिहून त्यांनी पान उलटलं आणि त्या पानाकडे पुन्हा कधी पाहिलं नाही.

मास्तरांची बायको थेरेसा दारात कमरेवर हात ठेवून हे बघत होती. सरकारी दवाखान्यात पंचवीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. समोरचा माणूस आजारी आहे की नुसता त्रासदायक, हे तिला लांबून कळायचं. साटविलकरांविषयी तिचं निदान झालेलं होतं.

"अहो, फोन आधी मीच उचलते," ती म्हणाली. "मला तर त्याचं बोलणं..."

"बाई, साक्षीदाराची पाळी आली की विचारण्यात येईल."

"पण ऐकून तर घ्या, मला..."

"पाळी आली की!"

"बरं," थेरेसा म्हणाली. "या पाळी घेऊन." आणि ती आत जाऊन मासे साफ करू लागली.

ती हे थेट सालोमीबायला सांगू शकली असती. पण दोघींचं बोलणं बंद होतं. दोघींच्या अंगणांच्या हद्दीवर एक माड होता. ईस्टरच्या पुढच्या आठवड्यात त्याचा एक नारळ पडला. सालोमीबाय छातीवर हात मारून सांगत होती की धप्पकन आवाज आला तो आपल्या बाजूने, आणि नारळ मात्र मिळाला थेरेसाच्या बाजूला. म्हणजे थेरेसाने तो उचलून पलीकडे नेला. सालोमीबायच्या कानांवर सगळ्या वाडीचा विश्वास होता. दोन घरं सोडून कोणी कुजबुजलं तरी तिला कळायचं, हा अनुभव होता. तेव्हा थेरेसा नारळचोर ठरली, आणि थेरेसाने त्यावर तोंड उघडणं बंद केलं.

फोन मात्र चालू राहिला. आखाताचा फोन आला की घरच्यांनी उठून ओट्यावर बसायचं, ही तिथली रीत. आई काय बोलते, पोर काय बोलतं, ते बघायचं नाही, ऐकायचं नाही. थेरेसा फोन उचलायची, "डेन्झिलच्या आईला सांगा, फोन आलाय," असं हवेला सांगायची आणि बाहेर जायची. सालोमीबाय आत यायची, हवेचे आभार मानायची आणि खुर्चीत बसायची. इतक्या सभ्य भांडणात कोणाला काय कळणार?

तारेची तपासणी लाइनमन क्लेमेंटने केली. तो खांबावर चढला, आपल्या यंत्राला कान लावला आणि वरून ओरडला, "लाइन टकाटक आहे!"

"तो थरथरतोय," साटविलकर हळूच म्हणाले.

"साहेब, तो खांबावर आहे," बॅप्टिस्ट म्हणाला.

क्लेमेंट उतरून निघून गेला आणि पहिला निष्कर्ष त्याच्या पिशवीतून गेला. दुसरा तयारच होता. टेलिफोनची तार बॅप्टिस्टच्या बागेच्या कडेने जात होती आणि सात केळींची पानं तिला टेकत होती.

"केळ म्हणजे काय? नुसतं पाणी. पाणी काय करतं? आवाज पितं. तुमची बहीणच म्हणाली ना, पाण्यात बुडाल्यासारखा आवाज येतो?"

"ती कानाविषयी म्हणाली, साहेब."

"तिला काय कळतंय? ही सात केळी तोडा."

"घड लागलेत. महिन्याभरात उतरतील."

"भाचा मोठा की केळी?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. असे प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वतःच्या केळी कधी नसतात. बॅप्टिस्टने सात केळी तोडल्या, अर्धकच्चे घड ओट्यावर रचले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसला.

त्या शनिवारी सालोमीबायने आवाज नीट यावा म्हणून दुप्पट तेल सोडलं आणि पिन जरा आत घातली. रविवारी तिला डेन्झिलचा ‘हॅलो’देखील ऐकू आला नाही.

ती घरी आली ती पांढरीफटक होऊन. साटविलकर तिची वाटच बघत होते. आता त्यांच्याकडे तिसरा निष्कर्ष होता, आणि तो पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट होता, कारण तो हास्यास्पद नव्हता.

"तार निर्दोष. केळी निर्दोष," ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे दोष उगमातच आहे. मुलगाच क्षीण होतोय. पोटात अन्न नाही की छातीत दुखणं, ते तो लपवतोय. मला वाईट वाटतं, बाई. पण मोजमाप खोटं बोलत नाही."

सालोमीबाय खालीच बसली. मग म्हणाली, "याचे वडीलही असेच. शेवटपर्यंत म्हणत होते, मजेत आहे." तिने पदराने डोळे पुसले. "येत्या रविवारी सांगते त्याला. नोकरी सोड आणि ये. माझं ऐकल्याशिवाय राहणार नाही तो."

हे शेवटचं वाक्य खरं आहे, हे बॅप्टिस्टला ठाऊक होतं. आईने बोलावलं की डेन्झिल येणार. आणखी तीन महिने काढले तर तो कायम होणार होता. मध्येच सोडून आला तर पुन्हा तिथे पाऊल ठेवायची सोय नव्हती. पोराने चार वर्षं उन्हात लोखंड उचलून हे दिवस आणले होते.

"बाय, जरा थांब," तो म्हणाला. "एक पत्र टाकू."

"पत्र पोचेपर्यंत पोर राहील का?"

बॅप्टिस्टने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "मातृहृदयात मी हस्तक्षेप करत नाही," आणि बॅप्टिस्टचा चहा पिऊन टाकला.

रविवार आला. हा प्रसंग इतिहासात नोंदला जाणार या खात्रीने साटविलकरांनी टाय लावला होता. त्यांना सर्दी झाली होती, पण टाय होता. "आज कोणीही बाहेर जायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. "घटनेच्या वेळी सर्व संबंधित खोलीत हजर हवेत. रीत मोडली तरी चालेल." एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि दोन वर्षांच्या गुप्तहेरीत त्यांनी दिलेला हा एकमेव उपयुक्त हुकूम, आणि तोही त्यांना नकळत.

थेरेसा हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभी राहिली. "त्यांना सांगा," ती छताला म्हणाली, "माझ्या घरात मी कुठे उभी राहायचं ते मी ठरवते."

"त्यांना सांगा," सालोमीबाय कपाटाला म्हणाली, "आम्हाला हौस नाही कोणाच्या घरात यायची."

फोन वाजला. थेरेसाने उचलला. "हां डेन्झिल, बोल बाबा."

"थेरेसाआंटी! आईला द्या! आई आहे का?"

आवाज एवढा मोठा होता की दारातली कोंबडी उडून अंगणात गेली. बॅप्टिस्ट तीन पावलांवर होता आणि त्याला शब्दन् शब्द ऐकू आला. आवाज जरा घोगरा होता, पण त्यात उपासमारीचं नाव नव्हतं. बॅप्टिस्टच्या डोक्यात काहीतरी हललं. त्याने तोंड उघडलं.

साटविलकरांनी बोट वर केलं. "शू! नोंद घ्या. अकरा वाजून सहा मिनिटं."

सालोमीबाय खुर्चीत बसली. रिसीव्हर डाव्या कानाला लावला. "डेन्झिल? डेन्झिल, बोल ना रे!"

"आई! मी बोलतोय! ऐकू येतंय का?" पोर मस्कतमध्ये जीव तोडून ओरडत होतं आणि ते मास्तरांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत होतं.

"बघा," सालोमीबाय रडवेली होऊन म्हणाली. "श्वाससुद्धा नाही. डेन्झिल, बाळा, तुला ऐकू येत असेल तर ऐक. तू ती नोकरी..."

"अगं ए बाई!" थेरेसा भिंतीपासून सुटली. सहा आठवड्यांचं मौन तिने तिथेच टाकलं. "कानात काय घातलंयस ते बघू आधी!" तिने सालोमीबायच्या डाव्या कानातून तेलाने थबथबलेला कापसाचा बोळा बाहेर ओढला, तो साटविलकरांच्या टायजवळ नेऊन त्यांना दाखवला, मग खुर्ची सालोमीबायसकट गर्रकन फिरवली. कपाटाला धक्का लागून दोन शब्दकोश खाली पडले. "आता या कानाला लाव. उजव्या!"

सालोमीबायने रिसीव्हर उजव्या कानाला लावला आणि दचकून लांब धरला.

"आई! काय झालं? कोण पडलं?"

"डेन्झिल!" ती म्हणाली. मग एकदम कडक आवाजात, "तुझा घसा का बसलाय? आजारी आहेस ना? खरं सांग!"

"बसणारच! गेले पाच रविवार तुझ्याशी ओरडतोय! रात्रपाळी करून झोपलेला सगळा कॅम्प जागा होतो. ते मला लाऊडस्पीकर म्हणतात, आई!"

सालोमीबाय हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. जेवण काय झालं, एवढंच तिने विचारलं आणि चार पदार्थांची नावं ऐकल्यावरच तिचं समाधान झालं.

फोन ठेवल्यावर साटविलकरांनी घसा साफ केला. "माझा पहिल्यापासून संशय डाव्या बाजूवरच होता," ते म्हणाले. "आता उपाय. बॅप्टिस्ट, लुनाचा हवा भरायचा पंप आणा. एकच दमदार फुंकर..."

"पंप आणलात तर तुमच्या नाकात घालीन," थेरेसा शांतपणे म्हणाली. "कान आहे तो, ट्यूब नाही."

"मग विमानात करतात तसं. नाक दाबायचं आणि जोरात..." सर्दी झालेल्या साटविलकरांनी नाक चिमटीत धरून पूर्ण ताकदीने फुंकून दाखवलं. कानात कट्ट झालं. त्यांचा चेहरा बदलला. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. कोणीच काही म्हणालं नव्हतं.

"झालं! दुसरा रोगी," थेरेसा म्हणाली. "सर्दीत नाक दाबून जोर करायचा नसतो, साहेब. बसा गप्प. काहीतरी चावत राहा, आवंढा गिळा, मोठी जांभई द्या, वाफ घ्या. सर्दी ओसरली की बहुतेक आपोआप सुटेल. दुखायला लागलं, नाहीतर चार दिवसांत सुटलं नाही, तर डॉक्टरकडे जा. बॅप्टिस्ट, त्यांना एक केळं द्या."

बॅप्टिस्टने त्यांना केळं दिलं. त्याच सात केळींपैकी एकीचं, अर्धकच्चं, चिवट. ते चावायला बराच वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ खोलीत शांतता होती.

"आता तू," थेरेसा सालोमीबायकडे वळली. "पिनने मळ निघत नाही, आत ठासला जातो. दर शनिवारी तू पोराचा आवाज ऐकायला कान साफ करत होतीस ना? दर शनिवारी बूच आणखी आत मारत होतीस. म्हणून दर रविवारी आवाज कमी."

"पण तेल तर..."

"तेल नाही, लसूण नाही, काडी नाही, पिन नाही. उद्या कानाच्या डॉक्टरकडे. आधी ते बॅटरी लावून पडदा शाबूत आहे का बघतील. मग मळ मऊ करायचे थेंब देतील, ते सांगतील तितके दिवस घालायचे. मग कोमट पाण्याने धुवून काढतील. दुखायला लागलं, चक्कर आली, तर लगेच बोलायचं. सोसत बसायचं नाही. कळलं?"

"तू येशील बरोबर?" सालोमीबायने विचारलं.

"मग काय हा येणार?" थेरेसाने जांभया देणाऱ्या गुप्तहेराकडे हात केला.

पाच दिवस थेंब झाले आणि शुक्रवारी डॉक्टरांनी कान धुतला. खालच्या भांड्यात जे पडलं ते चिंचोक्याएवढं होतं, आणि त्याच्या गाभ्यात कापूस होता. सालोमीबाय दवाखान्यातून बाहेर आली ती दोन्ही कानांवर हात ठेवून. रिक्षा एवढ्या मोठ्याने ओरडतात हे ती विसरूनच गेली होती.

साटविलकरांचाही कान सुटला. त्यांनी वहीत शेवटची नोंद केली: ‘आवाजचोर: हेअरपिन, एक नग, लांबी दोन इंच. जप्त. प्रकरण माझ्याकडून निकाली.’ मग ते नायगावला निघून गेले, कारण दुसऱ्या दिवशी टँकर होता. सात केळींचा उल्लेख वहीत कुठेही नव्हता.

रविवारी अकरा वाजता फोन वाजला. ओट्यावर थेरेसा आणि बॅप्टिस्ट बसले होते. आतून मस्कतची आरोळी आली, "आई! ऐकू येतंय का?"

"ओरडतोस कशाला?" सालोमीबाय खेकसली. "मी काय बहिरी आहे?"

तेवढ्यात हद्दीवरच्या माडाचा एक नारळ धप्पकन पडला.

सालोमीबायचं बोलणं थांबलं. ती रिसीव्हर छातीशी धरून बसून राहिली. बॅप्टिस्टने खिडकीतून तिच्याकडे पाहिलं, मग थेरेसाकडे. एका कानाने आवाज कळतो, बाजू कळत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. हा त्याच्या आयुष्यातला पहिला स्वतंत्र निष्कर्ष. तो त्याने कोणालाही सांगितला नाही. गुप्तहेर जवळ नसल्यामुळे त्याची गरजही पडली नाही.

"थेरेसा," आतून आवाज आला, जरा पडलेला, पण स्पष्ट. "तुझ्या बाजूला पडलाय गं. उचल तो. आणि मागचाही तुझाच होता."